खुर्ची दिली, फौज ठेवली: १८४८ सालची जर्मन 'मार्च मंत्रिमंडळे'

१८ जून १८४९. दुपारी श्टुटगार्टमधल्या एका हॉटेलातून शंभरेक माणसांची मिरवणूक निघाली. हे सगळे जर्मन संसदेचे उरलेसुरले सभासद होते आणि आपल्या सभागृहाकडे चालत निघाले होते. सर्वांत पुढे संसदेचे अध्यक्ष लोवे आणि त्यांच्याबरोबर बासष्ट वर्षांचे लुडविग ऊलांड. ऊलांड म्हणजे त्या काळी जर्मन घराघरांत पाठ असलेले कवी. रस्ता सैन्याने अडवला होता. अध्यक्ष बोलायला उभे राहिले, तेव्हा शिपायांनी ढोल बडवून त्यांचा आवाज बुडवला. मग घोडदळ पुढे सरकले, मिरवणूक पांगली आणि जर्मनीची पहिली निवडून आलेली संसद त्या रस्त्यावरच संपली.

हुकूम राजाने दिला असता तर त्यात नवल नव्हते. हुकूम होता वुर्टेंबर्ग राज्याचा मंत्री फ्रीडरिश रोमर याचा; श्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. रोमर स्वतः याच संसदेवर निवडून गेलेला. १८३०च्या दशकात तो आणि ऊलांड वुर्टेंबर्गच्या विधिमंडळात एकाच विरोधी गटात बसून सरकारला धारेवर धरत असत. पंधरा महिन्यांपूर्वी त्याला मंत्रिपद मिळाले तेही क्रांतीमुळेच.

अशा मंत्र्यांच्या सरकारांना जर्मन इतिहासात 'मार्च मंत्रिमंडळे' म्हणतात, कारण ती जवळपास सगळी १८४८च्या मार्च महिन्यात आली. बहुतेक दोन वर्षांच्या आत गेली. काही तर तीन महिनेही टिकली नाहीत. ती का आली हे सांगायला फार वेळ लागत नाही. गुंतागुंत आहे ती का गेली यात.

आधी नकाशा समजून घेऊ. तेव्हा जर्मनी नावाचा देश नव्हता. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५मध्ये बनवलेला एक 'जर्मन संघ' होता. त्यात एकोणचाळीसच्या आसपास राज्ये: ऑस्ट्रिया आणि प्रशिया हे दोन पहिलवान, बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोवर, वुर्टेंबर्ग ही मधली राज्ये, बाडेन आणि हेसे नावाची निरनिराळी घराणी, आणि त्याखाली पोत्याने मोजावीत इतकी चिमुकली संस्थाने. हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक आणि फ्रँकफर्ट ही चार शहरे राजाविना चालत. मराठी वाचकाला 'संस्थान' हा शब्द ओळखीचा आहे, म्हणून तो वापरला. पण तुलना ताणू नये. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या डोक्यावर इंग्रजांचा रेसिडेंट असे. जर्मन राजे कायद्याने सार्वभौम होते, त्यांच्या स्वतःच्या फौजा होत्या, आणि ही फौजेची गोष्ट पुढे सारखी लागणार आहे.

संघाची एक सभा फ्रँकफर्टला भरे. तिथे लोकांनी निवडलेले कोणी नसे, राजांचे वकील असत. या सभेचे लोकांना ठाऊक असलेले मुख्य काम म्हणजे वृत्तपत्रांवर सेन्सॉर आणि विद्यापीठांवर पहारा. १८१९च्या कार्ल्सबाड ठरावांपासून हा कारभार तीस वर्षे चालला होता. दक्षिणेकडच्या काही राज्यांत विधिमंडळे होती, तिथे वकील, प्राध्यापक, व्यापारी भाषणे करीत. पण मंत्री नेमायचा राजानेच. विधिमंडळात बहुमत आहे म्हणून मंत्री व्हावे, ही कल्पना तिथे रुजलेली नव्हती.

त्यात १८४६ आणि १८४७ ही वर्षे वाईट गेली. बटाट्यावर रोग, धान्याचे पीक बुडालेले, भाव चढलेले. आणि २४ फेब्रुवारी १८४८ रोजी पॅरिसमध्ये राजा लुई फिलिपने गादी सोडली. बातमी ऱ्हाइन नदी ओलांडून आली ती वाऱ्यासारखी. २७ तारखेला मानहाइम शहरात सभा भरली आणि चार मागण्या ठरल्या: वृत्तपत्रांना स्वातंत्र्य, ज्यूरीपुढे खटले, नागरिकांच्या हाती शस्त्रे आणि सगळ्या जर्मनांची एक संसद. पुढच्या दोन आठवड्यांत याच मागण्या थोड्याफार फरकाने प्रत्येक राजधानीत राजवाड्याच्या दारात वाचल्या गेल्या.

राजे इतक्या पटकन कसे नमले, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. हानाउ गावच्या लोकांनी हेसे-कासेलच्या राजाला ९ मार्चला तीन दिवसांची मुदत दिली, आणि ११ तारखेला त्याने मान तुकवली. बव्हेरियाच्या लुडविगचे प्रकरण जरा वेगळे. लोला माँटेझ नावाच्या नर्तकीपायी त्याची आधीच इतकी शोभा झाली होती की त्याने २० मार्चला गादीच मुलाच्या हवाली केली. बाकी बहुतेकांनी मात्र एकच युक्ती केली. जुना दिवाण हाकलला आणि त्या जागी विधिमंडळातला सगळ्यांत नावाजलेला विरोधक बसवला. डार्मश्टाटला (हेसे नावाच्या एका राज्याची राजधानी) ५ मार्चला हाइन्रिश फॉन गागर्न. श्टुटगार्टला ९ मार्चला रोमर. सॅक्सनीच्या राजधानीत, ड्रेस्डेनला, १६ मार्चला वकील कार्ल ब्राउन. कासेलला हानाउचाच महापौर एबरहार्ट. हॅनोवरला श्ट्युव्ह. आणि बर्लिनला, रस्त्यावर तीनशेच्या आसपास माणसे मेल्यानंतर, २९ मार्चला कोलोनचा सावकार लुडोल्फ काम्पहाउझेन.

राजाच्या बाजूने पाहिले तर हा सौदा स्वस्त होता. गादी शाबूत, फौज शाबूत, खालपासून वरपर्यंतचे अंमलदार तेच. बदलला तो सही करणारा मंत्री. नवे मंत्रीही यावर फारसे नाराज नव्हते, आणि खरी गोम तिथे आहे.

हे लोक 'उदारमतवादी' होते म्हणजे काय? त्यांना राज्यघटना हवी होती, कायद्याचे राज्य हवे होते, छापखान्यावरचा पहारा नको होता. राजा मात्र हवा होता. मालमत्ता नसलेल्या माणसाला मताचा पूर्ण अधिकार द्यावा का, यावर त्यांच्यातल्या बहुतेकांचे उत्तर 'इतक्यात नको' असे होते. फ्रेंच क्रांतीतला गिलोटिनचा काळ त्यांच्या वडिलांच्या पिढीने पाहिलेला, त्यामुळे 'प्रजासत्ताक' हा शब्द ऐकला की त्यांच्या पोटात गोळा येई. मार्चमध्ये रस्त्यावर आलेली गर्दी त्यांना सत्तेपर्यंत घेऊन गेली, आणि सत्तेवर बसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांना भीती वाटू लागली ती त्याच गर्दीची.

बाडेनमधला एक प्रसंग पाहा. ८ एप्रिल १८४८, कार्ल्सरूहचे रेल्वे स्टेशन. गाडी सुटण्याच्या बेतात आहे, आणि डब्यात योझेफ फिक्लर नावाचा प्रजासत्ताकवादी संपादक बसला आहे. तेवढ्यात फलाटावर कार्ल माटी येतो. माटी उदारमतवादी आमदार, बंदी आलेल्या लिखाणापायी एकेकाळी स्वतः परागंदा झालेला. तो फिक्लरकडे बोट दाखवतो आणि त्याला पकडायला लावतो. पोलीस खात्याशी माटीचा काही संबंध नव्हता. देशात बंड होईल या धास्तीने त्याने हे आपणहून केले. त्या अटकेने बंड टळले नाही, उलट लवकर झाले. चार दिवसांत फ्रीडरिश हेकरने कोन्स्टान्समध्ये प्रजासत्ताकाचा झेंडा उभारला. हेकर हा माटीचा विधिमंडळातला सहकारी. आणि माटी? त्याच महिन्यात बाडेन सरकारात त्याची वर्णी लागली.

२० एप्रिलला कांडर्न गावाजवळ हेकरच्या माणसांची सरकारी फौजेशी गाठ पडली. फौजेचा सेनापती होता जनरल फ्रीडरिश फॉन गागर्न, डार्मश्टाटच्या मार्च मंत्र्याचा सख्खा भाऊ. पुलावर हेकरशी त्याची बोलणी झाली, ती फिसकटली, आणि थोड्याच वेळात पहिल्या गोळ्यांत जनरल पडला. बंडखोरांचा धुव्वा उडाला. भाऊ गेल्यावर महिन्याभरात, १९ मेला, हाइन्रिश गागर्न फ्रँकफर्टला भरलेल्या निवडून आलेल्या जर्मन संसदेचा (तीच, जी पुढे श्टुटगार्टच्या रस्त्यावर संपली) अध्यक्ष झाला आणि डार्मश्टाटचे मंत्रिपद त्याने सोडले. मार्च मंत्रिमंडळांचा हा एक दुबळेपणा सहसा कोणी सांगत नाही: त्यांची चांगली माणसे फ्रँकफर्टच्या संसदेने ओढून नेली. देश एक करायच्या नादात घरच्या राजधान्या ओस पडल्या.

याचा अर्थ त्यांनी काहीच केले नाही असा घेऊ नये. सेन्सॉर गेला. सभा भरू लागल्या, वर्तमानपत्रांचे पेव फुटले. खेड्यांत तर बदल पायाचा झाला. मार्चमध्ये ओडेनवाल्ड आणि आसपासच्या भागांत शेतकऱ्यांनी जहागीरदारांच्या वाड्यांवर चालून जाऊन येणे-देणे लिहिलेल्या वह्या जाळल्या होत्या. सावकाराच्या वह्या जाळणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला १८७५च्या दख्खनच्या दंग्यांमुळे वेगळे सांगायला नको. नव्या सरकारांनी एका हाताने तिकडे फौज पाठवली आणि दुसऱ्या हाताने कायदे केले. बाडेनने १० एप्रिलला, वुर्टेंबर्गने १४ एप्रिलला जमिनीवरचे जुने सरंजामी हक्क संपवायला सुरुवात केली. जहागीरदारांना मोबदला मिळाला, तो शेतकऱ्यांनी हप्त्याहप्त्याने भरायचा होता. तरी शेतकऱ्याला हवे ते मिळाले. आणि तो शांत झाला. क्रांतीला लागणारे मनुष्यबळ अशा रीतीने क्रांतीच्या सरकारांनीच घरी पाठवले.

आता बर्लिन, कारण शेवटी सगळ्यांचे नशीब तिथेच ठरले.

काम्पहाउझेन धान्य-तेलाच्या व्यापारातून सावकारीत शिरलेला. अर्थमंत्री डाविड हान्झमान आखेनचा लोकरीचा व्यापारी, विमा कंपनी आणि रेल्वे काढणारा. हान्झमानने वर्षभरापूर्वी प्रशियाच्या विधिमंडळात सुनावले होते की पैशाची गोष्ट निघाली की सलगी संपते. जर्मनमध्ये ती म्हणच होऊन बसली आहे. असे दोन व्यवहारी गृहस्थ, प्रशियासारख्या लष्करी राज्याच्या गाड्याला जुंपलेले. काम्पहाउझेनचा सिद्धान्त असा की घटना राजा आणि विधानसभा यांनी मिळून, समजुतीने ठरवायची. मार्चमध्ये जे झाले ती क्रांती नव्हतीच, राजाने आपणहून दिलेल्या सुधारणा होत्या, असे म्हणायचे आणि पुढे चालायचे. जूनमध्ये विधानसभेत कोणीतरी ठराव आणला की मार्चमध्ये लढलेल्यांनी देशाचे भले केले असे सभागृहाने म्हणावे. सरकारने तो टाळला, मतदानात जिंकले, पण जेमतेम.

त्यातच काम्पहाउझेनने एक गोष्ट केली जिचा विचार करताना आजही कपाळावर हात जातो. राजाचा भाऊ विल्हेल्म मार्चमध्ये लंडनला पळाला होता. बर्लिनकर त्याला 'छर्‍यांच्या तोफेचा राजपुत्र' म्हणत, कारण गर्दीवर तोफा डागायला सांगणारा तो, असा लोकांचा समज होता. त्याला परत बोलावण्याची शिफारस काम्पहाउझेनच्याच मंत्रिमंडळाने केली. जूनमध्ये तो परतला. वर्षभराने बाडेनमधले शेवटचे बंड चिरडणाऱ्या प्रशियन फौजेचा सेनापती तोच होता, आणि १८७१मध्ये जर्मनीचा पहिला सम्राटही तोच झाला.

१४ जूनला बर्लिनच्या लोकांनी शस्त्रागार फोडले. काम्पहाउझेनने २० जूनला राजीनामा दिला. तीन महिने पुरते भरले नव्हते. हान्झमान नव्या सरकारात राहिला, आणि मग फौजेचा प्रश्न ऐरणीवर आला. ३१ जुलैला श्वाइडनित्झ या गावी शिपायांनी नागरी दलावर गोळ्या झाडल्या, चौदा जण मेले. ब्रेस्लाउचा आमदार श्टाइन याने ठराव आणला: ज्या लष्करी अधिकाऱ्यांना घटनात्मक राज्य मान्य नाही त्यांनी नोकरी सोडावी, हे युद्धमंत्र्याने त्यांना बजावावे. ठराव मंजूर झाला. सरकारने तो अमलात आणायला टाळाटाळ केली, कारण राजा फौजेला हात लावू देणार नव्हता. ७ सप्टेंबरला विधानसभेने मोठ्या बहुमताने पुन्हा बजावले, आणि सरकार पडले.

सारा पेच या ठरावात आहे. फौज शपथ कोणाची घेते? राजाची की घटनेची? मार्च मंत्र्यांना हा प्रश्न कळत नव्हता असे नाही. तो विचारला तर राजाशी लढावे लागेल, आणि लढायचे तर रस्त्यावरच्या लोकांना हाक मारावी लागेल, हे त्यांना पक्के कळत होते. म्हणून त्यांनी तो विचारलाच नाही. दुसरीकडे बर्लिनजवळच्या पोट्सडामला राजाभोवती गेर्लाख बंधूंसारख्या कट्टर राजपक्षीयांचे कोंडाळे जमले होते. कागदोपत्री त्यांच्याकडे एकही खाते नव्हते, पण राजाचा कान त्यांच्याकडे होता.

ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रियाच्या फौजेने व्हिएन्ना परत जिंकले. ही बातमी म्हणजे सगळ्या राजांना मिळालेला इशारा होता, आता भ्यायचे कारण नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला प्रशियाच्या राजाने काउंट ब्रांडेनबुर्ग या सेनाधिकाऱ्याला पंतप्रधान केले. १० तारखेला जनरल व्रांगेल फौज घेऊन बर्लिनमध्ये शिरला. ५ डिसेंबरला विधानसभा बरखास्त झाली, आणि त्याच दिवशी राजाने स्वतःची घटना जाहीर केली. घटना मिळाली, पण समजुतीने ठरलेली नव्हे, वरून दिलेली.

बाकीच्या राज्यांतले शेवट इतके नाट्यमय नाहीत. सॅक्सनीत ब्राउनचे सरकार फेब्रुवारी १८४९मध्ये राजीनामा देऊन गेले. मेमध्ये ड्रेस्डेनला बंड झाले, प्रशियन फौजेने ते मोडले, आणि संगीतकार रिशार्ड वाग्नर व वास्तुशिल्पी गोटफ्रीड झेंपर यांना देश सोडून पळावे लागले. हॅनोवरची गंमत वेगळी. तिथल्या एर्न्स्ट आउगुस्ट राजाने १८३७मध्ये गादीवर येताच राज्यघटना गुंडाळली होती, आणि निषेध करणाऱ्या गोटिंगेनच्या सात प्राध्यापकांना काढून टाकले होते. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू त्यांतलेच. त्या लढ्यात घटनेची बाजू लढवणारा श्ट्युव्ह आता त्याच राजाचा मंत्री झाला, आणि दोघांचे बऱ्यापैकी जमले! फ्रँकफर्टच्या संसदेने हॅनोवरच्या कारभारात लुडबूड करू नये, यावर दोघांचे एकमत होते. ते मंत्रिमंडळ ऑक्टोबर १८५०पर्यंत चालले.

आणि रोमर. एप्रिल १८४९मध्ये फ्रँकफर्टची घटना तयार होती, आणि प्रशियाच्या राजाने संसदेने देऊ केलेला सम्राटपदाचा मुकुट नाकारला होता. तेव्हा वुर्टेंबर्गच्या राजाला ती घटना मान्य करायला लावणारा रोमरच. जर्मन राजांपैकी (ड्यूक आणि प्रिन्स सोडून) ती स्वीकारणारा वुर्टेंबर्गचा राजा एकटाच ठरला. मग संसदेचे डावे सभासद श्टुटगार्टला आले, पाच जणांचे 'राष्ट्रीय सरकार' नेमून बसले आणि वुर्टेंबर्गकडे पैसा व शिपाई मागू लागले. शेजारच्या बाडेनमध्ये प्रशियाची फौज उतरत होती. एवढ्याशा राज्याने प्रशियाशी युद्ध ओढवून घ्यावे का? रोमरचे उत्तर 'नाही' होते, आणि हिशेबाने ते बरोबरही असेल. त्याने संसदेला निघून जायला सांगितले, तिने ऐकले नाही, आणि मग तो १८ जून. चार महिन्यांनी राजाने रोमरला निरोप दिला. संसद पांगवायला जो उपयोगी पडला, त्याची आता गरज उरली नव्हती.

जमिनीवरचे सरंजामी हक्क मात्र परत आले नाहीत. प्रशियाची घटना, दुरुस्त्या होऊन, १९१८पर्यंत चालली. हान्झमानने १८५१मध्ये बँक काढली, तिची गणना पुढे जर्मनीतल्या बड्या बँकांत झाली. राजकारणापेक्षा तिथे त्याचा हात मोकळा चालला असावा.

राहिले हेसे-कासेल. तिथला हिशेब उलटा लागला. फेब्रुवारी १८५०मध्ये तिथल्या राजाने एबरहार्टला काढून हासेनफ्लुगला आणले. हा ग्रिम बंधूंचा मेव्हणा, आणि प्रजेने त्याच्या नावावर कोटी करून त्याला 'हेसेचा शाप' म्हटलेले. सप्टेंबरमध्ये विधिमंडळाने कर मंजूर करायला नकार दिला, तेव्हा त्याने विधिमंडळ बरखास्त करून लष्करी कायदा लावला. पण अंमलदार कर वसूल करेनात. न्यायालयाने हुकूम बेकायदा ठरवला. आणि लष्कर? त्या राज्याच्या १८३१च्या घटनेत एक कलम होते: अधिकाऱ्यांनी घटनेचीही शपथ घ्यायची. बर्लिनमध्ये ज्यावर सरकार पडले, ते इथे एकोणीस वर्षे कायद्यात लिहिलेले होते. ऑक्टोबरमध्ये २७७ अधिकाऱ्यांपैकी २४१ जणांनी राजीनामे दिले.

स्वतःची फौज निरुपयोगी झाल्यावर राजाला बाहेरची आणावी लागली. बव्हेरियाचे आणि ऑस्ट्रियाचे शिपाई आले आणि जुमानत नसलेल्या न्यायाधीशांच्या, अंमलदारांच्या घरांत त्यांना मुक्कामाला घातले. राहणे, खाणे, पिणे, सगळे घरमालकाच्या खर्चाने, आणि घरमालक नमेपर्यंत. लोक या पाहुण्यांना 'शिक्षेचे बव्हेरियन' म्हणू लागले.